बाथरूममधली काळी बुरशी आणि घरातली धाप : काय करायचं, काय टाळायचं

गणपती पंधरा दिवसांवर आले की कोकणात घराघरांत रंगाचे डबे येतात. चाकरमानी येणार, घर जरा बरं दिसायला हवं. म्हणून बाथरूमच्या भिंतीवरचे काळे डाग खरवडून त्यावर रंगाचा हात मारला जातो. चतुर्थीला भिंत पांढरीशुभ्र. दसरा उजाडेपर्यंत तेच डाग, त्याच जागी, नव्या रंगाच्या वर. मधल्या काळात घरातल्या एखाद्या पोराचा नाहीतर आजीचा खोकला काही केल्या थांबत नाही. डॉक्टर बदलतात, बाटल्या बदलतात, भिंतीकडे मात्र कोणी बघत नाही.

त्या डागांचा आणि खोकल्याचा संबंध असू शकतो. प्रत्येक घरात असतोच असं नाही, पण असला तर औषधाइतकंच लक्ष भिंतीकडे द्यावं लागतं.

बुरशी येते कुठून?

शिळ्या भाकरीवर, लोणच्याच्या बरणीत, पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर जी येते तीच ही जात. तिचे बीजाणू धुळीपेक्षाही बारीक असतात आणि हवेत सगळीकडे, बारा महिने असतात. ते घरात येऊच नयेत असा उपाय जगात नाही. रुजायला त्यांना ओल, थोडं खाद्य आणि ऊब लागते. बाथरूममध्ये साबणाचा थर, अंगाचा मळ, खोबरेल तेल, रंगातले घटक, दाराची लाकडी चौकट हे सगळं त्यांचं खाद्य. ऊब आपल्याकडे कायमचीच. राहिली ओल. एखादी जागा २४ ते ४८ तास सलग ओली राहिली की बुरशी धरायला लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात बाथरूमची भिंत दोन दिवस कोरडी राहिली तरच नवल.

आधी मात्र ती बुरशीच आहे का ते बघा. भिंतीच्या खालच्या भागावर पांढरी भुकटी फुटते, प्लास्टर फुगून पोपडे पडतात, ते मीठ असतं. काही ठिकाणी त्याला लोणा लागला म्हणतात. त्यावर थोडं पाणी मारा. मीठ विरघळून जातं, बुरशी जात नाही. बादलीच्या कडेला आणि टाईल्सच्या सांध्यात येणारा गुलाबी बुळबुळीत थर हा बहुतेक वेळा जिवाणूंचा असतो, तो घासला की निघतो. बाहेरच्या भिंतीवर हिरवं येतं ते शेवाळ. काळे, करडे, हिरवट-काळे ठिपके, हळूहळू एकमेकांत मिसळत जाणारे, आणि दार उघडल्यावर येणारा कुबट वास, ही बुरशी. वास येतो पण डाग दिसत नाही, असं असेल तर आरशामागे, कपाटामागे आणि बाथरूमला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर बघा. बऱ्याचदा बाथरूमच्या आत टाईल्स चकचकीत असतात आणि पलीकडच्या खोलीत, बाळाच्या पाळण्यामागे, भिंत काळी झालेली असते.

जुन्या घरात ही कटकट का नव्हती?

बुरशी तेव्हाही होती, पण माणसांच्या उशाशी नव्हती. आंघोळीची न्हाणी घराच्या मागच्या बाजूला, वर कौलं नाहीतर झाप, अर्ध्या उंचीची भिंत, वारा आरपार. पाणी सरळ माडाच्या नाहीतर केळीच्या मुळाशी. शेजारी चूल, त्यावर पाण्याचं तपेलं. घराच्या भिंतींनाही पावसाळ्याआधी झाप बांधायचे, त्यामुळे झडीचं पाणी जांभ्यापर्यंत पोचत नसे. दर दिवाळीला चुना मारला जायचा. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्याच्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. आणि चुन्याची भिंत ओल धरून ठेवत नाही, ऊन पडलं की सोडून देते.

आता न्हाणी घराच्या पोटात आली. झोपायच्या खोलीला लागून बाथरूम, वर स्लॅब, सगळीकडे सिमेंट आणि प्लास्टिक पेंट. घरकुलाच्या घराला किमान २५ चौरस मीटर जागा धरतात, त्यात स्वयंपाकाची जागाही आली. तेवढ्यात बाथरूम कितीसं होणार? कित्येक घरांत स्वच्छ भारतच्या १२ हजारांतून बांधलेल्या शौचालयातच आंघोळ होते. झरोका एकच, वीतभर, तोही पाऊस आत येतो म्हणून पोतं कोंबून बंद केलेला. मग सहा माणसांच्या गरम पाण्याच्या आंघोळीची वाफ जाणार कुठे? ती भिंतीवरच बसते.

बाईमाणसाची सोय, रात्री-अपरात्री म्हाताऱ्यांना बाहेर जावं लागत नाही, हा फायदा मोठा आहे. परत मागच्या न्हाणीत जा असं कोणी म्हणणार नाही. फक्त आत आणलेल्या पाण्याला बाहेर जायची वाट ठेवायची राहून गेली.

श्वासावर काय परिणाम होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर, धाप, सर्दी, श्वसनाचे संसर्ग आणि दमा बळावणं हे जास्त दिसतं, असा त्यातला निष्कर्ष आहे. अमुक इतकी बुरशी चालते अशी सुरक्षित मर्यादा त्यात दिलेली नाही. ओल होऊच देऊ नका, झाली तर काढा, एवढंच सांगितलंय.

हे घडतं कसं? बीजाणू आणि बुरशीचे तुटलेले बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. धडधाकट माणसाचं शरीर ते कफाबरोबर बाहेर टाकतं. ज्याला ॲलर्जीची प्रवृत्ती आहे त्याचं शरीर मात्र त्यांना शत्रू समजतं. श्वासनलिका सुजते, आकसते, चिकट कफ सुटतो. सकाळी उठल्यावर सटासट शिंका, नाक चोंदलेलं, डोळ्यांना खाज, रात्री झोपल्यावर खोकल्याची ढास, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. लहान मुलं, म्हातारी माणसं, आधीचा दमा असलेले आणि टीबी होऊन गेल्यामुळे फुफ्फुस कमजोर झालेले, यांना त्रास लवकर होतो.

एक साधी खूण आहे. माणूस चार दिवस दुसऱ्या गावी गेला की बरा राहतो आणि घरी आला की दोन रात्रींत परत खोकायला लागतो, असं दोन-तीन वेळा झालं तर घराकडे संशयाने बघावं. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, विचारलं नाही तरी. ओपीडीच्या रांगेत तुमच्या घराची भिंत त्यांना दिसत नसते.

पण सगळं खापर बुरशीवर फोडू नका. चुलीचा धूर, बिडी, मच्छर कॉइल, भात झोडतानाची धूळ, गोठ्यातला कुजका पेंढा ही कारणं आपल्याकडे बुरशीइतकीच, कधी तिच्याहून मोठी असतात. बुरशी लागलेला पेंढा रोज उपसणाऱ्याला तर वेगळाच फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. गोठ्यातून आल्यावर चार-सहा तासांनी ताप, अंगदुखी, धाप, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटणं. वारंवार असं होत असेल तर साधा थंडीताप समजून सोडून देऊ नका.

रंग मारून काय होतं, याचं एक उदाहरण

इंग्लंडमध्ये रोचडेल या गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल दगावलं. सरकारी मदतीच्या योजनेतल्या भाड्याच्या घरात ते राहत होतं. बाथरूममध्ये, स्वयंपाकघरात बुरशी होती. वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, तेव्हा त्यांना वरून रंग मारून घ्या असं सांगण्यात आलं. २०२२ मध्ये अधिकृत चौकशी पूर्ण झाली आणि घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनाच्या आजाराने मृत्यू झाला, असा निर्णय आला. त्यानंतर तिथल्या संसदेने २०२३ मध्ये कायदा केला. अशा घरांच्या मालक संस्थांनी बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत सोडवलीच पाहिजे. त्या मुलाच्या नावावरून तो ‘अवाब्ज लॉ’ म्हणून ओळखला जातो. इतकं टोकाला जाणं दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण रंग मारणे हा इलाज नव्हे, हे त्यातून पुरेसं कळतं.

ही ‘काळी बुरशी’ ती नव्हे

२०२१ च्या कोरोना लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे, जबडे आणि जीव घेतले. पेपरात त्याला काळी बुरशी म्हणत. तेव्हापासून बाथरूममधले काळे ठिपके बघून लोक धसकतात. दोन्ही वेगळ्या. म्युकरची बुरशी मातीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात असते. तिने गाठलं ते मुख्यतः साखर हाताबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांना. बाथरूमच्या भिंतीवरची काळी बुरशी इतर जातींची असते आणि तिचा त्रास प्रामुख्याने ॲलर्जी-दम्याचा. रंगावरून बुरशी किती घातक ते ठरत नाही. म्हणून कुठली जात आहे ते तपासत बसण्यात पैसे घालवू नका. काळी असो की पांढरी, काढायचीच असते.

अपवाद एक. केमोथेरपी चालू असलेले, किडनी बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारे यांच्या फुफ्फुसात बुरशीचा खराखुरा संसर्ग होऊ शकतो. अशा माणसाने बुरशीच्या खोलीत झोपू नये आणि साफसफाईच्या वेळी त्या घरातही थांबू नये.

टीबीचं औषध चालू आहे, तरी खोकला तसाच?

दम्याच्या काही रुग्णांमध्ये ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची तीव्र ॲलर्जी फुफ्फुसात बसते. डॉक्टर तिला एबीपीए म्हणतात. दमा औषधाने आटोक्यात येत नाही, खोकल्यातून तपकिरी घट्ट गाठी पडतात, एक्स-रेवर डाग दिसतात. डाग दिसले की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो आणि भारतात अशा अनेक रुग्णांना टीबीची औषधं दिली गेल्याचं वैद्यकीय लिखाणात पुन्हा पुन्हा आलंय. थुंकी तपासणीत टीबी सापडला नाही, जुना दमा आहे आणि औषधाने फरक नाही, अशा वेळी छातीच्या डॉक्टरांना एबीपीएबद्दल विचारा. रक्तातील आयजीई आणि ॲस्परजिलसच्या ॲलर्जीची तपासणी करून ते कळतं. इलाज आहे. मात्र स्वतःहून टीबीचं औषध बंद करू नका. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्या प्रत्येकाने आधी थुंकी तपासून घ्यायचीच, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते.

‘पंपाची सवय लागते’ हा समज अजून वाडीवाडीत आहे. लागत नाही. दम्याच्या साल्ब्युटामॉल औषधाची ४ मिलिग्रॅमची एक गोळी आणि पंपाचा १०० मायक्रोग्रॅमचा एक झटका यांचा हिशेब केला तर एका गोळीत चाळीस झटक्यांचं औषध जातं. पंपाचं औषध थेट छातीत जातं म्हणून इतकं थोडं पुरतं. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, विशेषतः पावसाळ्यात.

आणि पुढचं काही दिसलं तर घरगुती काढे बाजूला ठेवून १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. धापेमुळे एक वाक्य पूर्ण बोलता न येणं. ओठ-नखं निळसर पडणं. पंप घेऊनही आराम न पडणं. बाळाची छाती श्वास घेताना आत ओढली जाणं, ज्याला आपल्याकडे डबा झाला म्हणतात. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. आशाताईंना हे मोजता येतं, त्यांना बोलवा.

बुरशी काढायची कशी

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल तर घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल, स्लॅब गळत असेल, प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर गवंड्याचं काम आहे.

ज्याला दमा आहे त्याने हे काम करायचं नाही, त्या वेळी घराबाहेर जायचं. करणाऱ्याने एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि शक्य तर चष्मा लावावा. कोरड्या भिंतीवर झाडू किंवा पत्री मारू नका. कोरडी बुरशी खरवडली की लाखो बीजाणू एका झटक्यात हवेत उडतात. गणपतीच्या रंगकामात नेमकं हेच होतं आणि त्या रात्री घरात कोणाला तरी धाप लागते. आधी साबणाच्या पाण्याने भिंत ओली करा, मग ब्रशने घासा, पाण्याने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा. फडकं टाकून द्या. टाईल्स, नळ, प्लास्टिकचं दार यांना इतकंही पुरतं.

सांध्यातले काळे डाग साबणाने जात नसतील तर ब्लिचिंग पावडर चालते, ज्याला आपण टीसीएल म्हणतो. दुकानातून आणा, ग्रामपंचायतीची पाण्यात टाकायची आहे ती आणू नका. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन-अडीच सपाट चमचे. ढवळून ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळ वापरा. डागावर लावून दहा मिनिटांनी धुवा. दार-झरोका उघडा ठेवून. प्लास्टरच्या भिंतीवर मात्र ब्लिचिंगवर फार भिस्त ठेवू नका. डागाचा रंग उडतो, भिंत छान दिसते, पण आतवर गेलेली बुरशी तशीच राहते आणि वरून अजून पाणी मुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लिचिंग पावडर आणि संडास-फरशी धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. एकावर एक पाठोपाठही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि चार बाय चारच्या बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुस जाळतो. व्हिनेगर आणि अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबरही ब्लिचिंग नको. चुकून झालंच आणि घसा-डोळे चुरचुरायला लागले तर बादली उचलत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या.

कुबट वास जावा म्हणून डांबर गोळ्या टांगणं, बंद घरात धूप-कापूर घालणं याने बुरशी मरत नाही. दम्याच्या माणसाला उलट तो वास आणि धूर अजून छळतो. डांबर गोळी लहान मुलाने तोंडात घातली तर वेगळाच प्रसंग.

पाणी येतं कुठून ते शोधा

घासून काढलेली बुरशी महिन्यात परत आली तर ओल चालूच आहे. ती आतून येते की बाहेरून, हे बघायला सोपी युक्ती आहे. भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करा, त्यावर फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी बघा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर ती बाथरूमची वाफ आहे.

वाफ असेल तर काम स्वस्तातलं. झरोका वर, छताजवळ असावा, कारण गरम दमट हवा वर जाते. पाऊस आत येतो म्हणून तो बंद करण्यापेक्षा वरून पत्र्याची किंवा फरशीची छोटी झडप काढा, पाणी अडतं आणि हवा जाते. दाराच्या खाली बोटभर फट ठेवा, हवा आत आली तरच बाहेर जाईल. सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला तर उत्तम. तीस वॅटचा फॅन रोज एक तास चालवला तरी महिन्याला एक युनिट होत नाही. लाईट नसलेल्या दिवशी रबरी वायपर कामाला येतो. शेवटची आंघोळ झाली की भिंत आणि फरशीवरचं पाणी ओढून घ्यायला दोन मिनिटं लागतात. ओले कपडे बाथरूममध्ये किंवा झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. बादलीभर पिळलेले कपडे सुकताना लिटर-दोन लिटर पाणी घरातल्या हवेत सोडतात. पडवी, माळा, गोठ्याची आडवी दांडी, काहीही चालेल.

झरोक्याच्याच ओघात सांगायचं तर, गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या भिंतीवर, फक्त पाण्याचा पाइप आत.

पाणी भिंतीतून येत असेल तर तीन जागा तपासा. पहिली नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचा भाग. जाळीत फडकं कोंबून फरशीवर दोन बोटं पाणी साठवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी उतरलेलं असेल किंवा पलीकडची भिंत ओली असेल तर गळती तिथे आहे. दुसरी भिंतीतला पाइप. सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खुणेने बघा. तिसरी बाहेरची बाजू. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. झडीच्या बाजूची भिंत प्लास्टर नसेल किंवा प्लास्टरला तडे असतील तर बाथरूम कितीही पुसा, उपयोग नाही. पागोळीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचत असेल तर आधी त्याला चर काढून द्या, त्याला पैसेही लागत नाहीत. स्लॅब गळत असेल तर वर विटांचा कोबा करून उतार नीट काढणं हे काम उन्हाळ्यात करायचं, पावसात ताडपत्रीवर भागवावं लागतं.

रंगाचं काय? या गणपतीला बाथरूमची भिंत रंगवू नका. ओल्या भिंतीवर मारलेला प्लास्टिक पेंट आतलं पाणी कोंडतो, बुरशीला आयती जागा मिळते. डाग धुऊन, पुसून तसंच राहू द्या, पाहुणे काही बाथरूम बघायला येत नाहीत. दिवाळीनंतर ऊन तापलं, वर सांगितलेली प्लास्टिकची चाचणी कोरडी आली, की जुना रंग खरवडून (आधी ओला करून) चुन्याचे दोन हात मारा. प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, म्हणून खरवडणं गरजेचं. चुना विझवताना आणि मारताना डोळे सांभाळा, पोरांना लांब ठेवा.